डेलाचं पुस्तक कुठलं?

मिझुरी,
२ मार्च १९९४

ती. आर्लीनताईस,
जोलीनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुकवलेले जर्दाळू पोचले. जर्दाळू वेंडेलने एका बैठकीत संपवले, पत्र तेवढं माझ्या वाट्याला आलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला बसले होते, पण तुझ्यापुढे सोंग कशाला आणू? माझा जीव थाऱ्यावर नाही.

डेलाला मी घरीच शिकवते, पण आठवं वर्ष सरलं तरी तिला वाचता येत नाही. बोलायला लागली की थांबत नाही, एकेका कोंबडीला नाव देते, हिशेबात बापाला चुका दाखवते. पण पुस्तक पुढे धरलं की मान खाली. पहिलं पुस्तक घेतलं ते अक्षरांचे आवाज कार्डांवरून पाठ करून घेणारं. दुसऱ्यात सगळी यमकं. तिसरं म्हणतं, आधी ऐकून लिहा, वाचन आपोआप येईल. आता चर्चमधली रूथ शपथेवर सांगते की खरं पुस्तक चौथंच आहे, बाकी सगळी मुलांचं वाटोळं करतात. तिची मुलं घडाघडा वाचतात, म्हणून मीही ते मागवलं. वेंडेल कुरकुरतो की जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडलेली आणि तो मांडीवर ताट घेऊन जेवतो.

तू चार मुलं घरी शिकवलीस. मला एकच सांग, कुठलं पुस्तक धरू? रात्री डोळा लागत नाही गं.

तुझ्या मायेची भुकेली,
जोलीन

नेब्रास्का,
१४ मार्च १९९४

चि. सौ. जोलीन हिस,
आर्लीनचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला आपल्या आईचं स्वयंपाकघर आठवलं. तू केकचं पीठ फेटता फेटता दुसरी कृती वाचायला घ्यायचीस, आणि शेवटी आपण सगळे चमच्याने कच्चं पीठ खायचो. बाई, तू अजून तश्शीच!

माझं पुस्तक अगदी कुरूप होतं. चौथ्या पोरापर्यंत त्याची शिवण सुटली, तर मी ते शिवणदोऱ्याने शिवलं. ते सगळ्यांत चांगलं होतं म्हणून नाही, तर घरात दुसरं नव्हतं म्हणून वापरलं. तू कुठलंही धर, पण धरून ठेव. रूथचं ऐकणं बंद कर. आणि वेंडेलला टेबल मोकळं करून दे, बिचारा शेतातून दमून येतो.

इकडे अजून बर्फ आहे, माझे गुडघे बोलायला लागलेत. डेलाला पापा.

तुझी,
ताई

मिझुरी,
२० एप्रिल १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पाचवं पुस्तक आलं. कॅटलॉगमध्ये एका बाईने लिहिलं होतं की तिचा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत पुस्तकापुढे गप्प बसायचा आणि या पुस्तकाने वाचायला लागला. मला वाटलं, हे आपल्याच घराचं वर्णन आहे. आल्या दिवशीच पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.

पण आता खरी गोष्ट ऐक. वेंडेलने काल शांतपणे सांगितलं की ऑगस्टअखेर डेलाने त्याच्यासमोर एक पान, कुठलंही, स्वतः वाचलं नाही, तर ती गावातल्या शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसेल. मी भांडले, तर म्हणाला की मला पोरीची काळजी आहे, तुला पुस्तकांची. मी शाळेत फोन केला. तिथल्या बाई गोडच बोलल्या, पण डेलाला पहिलीत बसवणार म्हणाल्या, सहा वर्षांच्या मुलांबरोबर. ताई, ती त्या सगळ्यांपेक्षा डोक्याने उंच आहे. हे तिने दाराआडून ऐकलं आणि रात्री जेवली नाही. मला नुसतं भरून येतंय.

लवकर लिही. नाहीतर सहावं मागवीन, अशी माझी अवस्था आहे.

तुझी,
जोलीन

नेब्रास्का,
२७ एप्रिल १९९४

चि. सौ. जोलीन हिस,
आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

खबरदार सहावं मागवलंस तर! मी सांगते ते कर. पाचही पुस्तकं मिटून टेबलावर उभी कर आणि त्यांच्या पानांच्या कडा बघ. मुलांचे हात कधी स्वच्छ नसतात. जिथवर शिकवलं तिथवर कड मळते. माझ्या पुस्तकाची शेवटपर्यंत काळी होती. तुझ्या पुस्तकांच्या कडा काय म्हणतात ते मला कळव. आणि मेमध्ये तुमच्या चर्चच्या तळघरात जुन्या पुस्तकांची विक्री असते ना, तिथे चार विकून मोकळी हो.

मी रोज डेलासाठी प्रार्थना करते. तुझ्यासाठी जरा जास्तच करते.

तुझी,
ताई

मिझुरी,
२३ मे १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कडा बघितल्या आणि तिथेच खुर्चीत बसले. पाचही पुस्तकं सुरुवातीला बोटभर मळलेली, पुढे पांढरीशुभ्र. प्रत्येक वेळी अवघड शब्द आले, डेला अडखळली, की मला धडकी भरायची आणि मी नवीन पुस्तक आणायची. पोरीने पहिला धडा पाचदा गिरवला. पुढचं तिला कुणी शिकवलंच नाही गं. मला स्वतःची इतकी लाज वाटली!

शनिवारी विक्रीला पाचही घेऊन गेले. कुठलं ठेवायचं ते तिथे तरी सुचेल असं वाटलं. एक तरुण आई, काखेत बाळ, विचारायला लागली की यातलं चांगलं कुठलं. मी तोंड उघडायच्या आत डेलाने तिला सांगून टाकलं की सुरुवात सगळ्यांचीच चांगली आहे, पुढचं आम्हाला माहीत नाही, तिथे आईला भीती वाटते. ती बाई हसली. मला हसू येईना.

मग मी डेलालाच विचारलं की यातलं आपण कुठलं ठेवायचं. तिने जराही विचार न करता दुसरं उचललं, यमकांचं. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली की या पुस्तकाच्या वेळी तू सगळ्यांत कमी रडलीस.

ताई, मला वाटायचं मी न्हाणीघरात रडते ते कुणाला कळत नाही.

बाकीची चार त्या बाईला दिली. नंतर वाटलं, तिला आधी बजावायला हवं होतं की यातलं एकच धर. आता हे एकच आहे. देवाला सांग, माझे हात बांधून ठेव म्हणावं.

तुझी,
जोलीन

मिझुरी,
२९ ऑगस्ट १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उन्हाळाभर पत्र नाही म्हणून रुसली असशील. लिहिण्यासारखं काही नव्हतं. रोज सकाळी तेच पुस्तक, तेच टेबल. त्या पांढऱ्या पानांत डेला रोज अडली, रोज चिडली, एकदा पुस्तक कोंबड्यांच्या खुराड्यात टाकून आली. मी ते पुसून परत आणलं. दुसरं कुठून आणणार?

काल संध्याकाळी वेंडेलने ट्रॅक्टरच्या लिलावाची जाहिरात तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं, हा माणूस वैरी आहे, पोरीला काहीतरी सोपं तरी द्यायचं. डेलाने बोट ठेवलं आणि सुरू केलं. हळूहळू, एकेक आवाज जोडत. अर्ध्यावर एका लांबलचक शब्दाशी अडली. शब्द माझ्या जिभेवर होता. मी पुढे वाकले, तर डेलाने कागदावरची नजर न काढता डावा हात माझ्यापुढे उभा धरला, थांब म्हणून. थांबले. मग तिने तो शब्द सोडवला, आणि पुढचे सगळे वाचले, अगदी लिलाववाल्याच्या फोन नंबरापर्यंत.

वेंडेल उठून बाहेर गेला आणि बराच वेळ उगाच फाटक दुरुस्त करत बसला.

आज सकाळी बस आली आणि आमच्या दारावरून पुढे गेली. डेला तोवर टेबलाशी बसली होती. तुझा शिवणदोरा थोडा पाठव, पुस्तकाची पानं निसटायला लागलीत.

अशीच धपाटे घालत राहा.

तुझी,
जोलीन