साहेबांनी नीटच विचारलं होतं

गुरुजी,

परवा वर्गात मी तुमच्याबद्दल बोललो. नाव घेतलं नाही, गावही सांगितलं नाही. जालन्यात मी कायद्याच्या मुलांना बालमानसशास्त्र आणि कायदा हा विद्यापीठाचा पेपर शिकवतो. परवा साक्ष देणाऱ्या मुलांचा भाग होता. लहान मुलाला शपथ घातलीच पाहिजे असं नाही. खरं बोलायला हवं हे त्याला कळतं का, एवढं न्यायाधीशांनी आधी बोलून बघायचं, आणि प्रश्नातच उत्तर सुचवायचं नाही. तिथं आलो की मी दरवर्षी एकच उदाहरण देतो. खेड्यातला नऊ वर्षांचा मुलगा. बापाने कानाखाली मारली, कान फुटला. घरच्यांनी पढवलं, चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "गुरुजींनी मारलं ना रे?" आणि मुलाने मान हलवली. निर्दोष गुरुजींची बदली झाली. विद्यार्थी हळहळतात. मुलासाठी.

परवा जाफराबादहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने हात वर केला. "सर, पण त्या पोराला तर माहीत होतं ना, गुरुजींनी मारलं न्हाई म्हणून?" मी म्हणालो, त्या वयात मोठ्यांच्या सुचवण्याने आठवणसुद्धा बदलते. नियम म्हणून हे खरंच आहे. तिने ते वहीत उतरवलं, खाली रेघ मारली. ती रेघ मारताना मी बघत होतो, आणि पुढचा अर्धा तास काय शिकवलं ते मला आठवत नाही.

गुरुजी, मला कुणी पढवलं नव्हतं. वडिलांनी भोकरदनच्या दवाखान्यात सांगितलं होतं, "झाडावून पडलं." डॉक्टर म्हणाले, "पडून असं होत न्हाई. थप्पड बसलीय. कोणी मारलं रे?" वडील तिथंच उभे होते. मी म्हणालो, "गुरुजींनी." वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. घरी येताना स्टँडवर त्यांनी मला भजी घेऊन दिली. त्या गोष्टीवर आम्ही दोघे पुढे कधीच बोललो नाही, ते जाईपर्यंत नाही.

त्यांना वाचवावं असं मनात होतं, ते खोटं नाही. पण तेवढंच नव्हतं. त्याच आठवड्यात तुम्ही सव्वीस जानेवारीच्या लेझमीची शिट्टी माझ्याकडून काढून दुसऱ्या मुलाला दिली होती. "तू लई घाई करतो," म्हणालात, "सगळ्यांचे पाय चुकून राह्यले." सगळ्यांसमोर म्हणालात. तुमच्या खोलीवर मी रोज संध्याकाळी शिष्यवृत्तीच्या अभ्यासाला यायचो, स्टोव्हवरची तुमची खिचडी तुमच्या आधी मला वाढलेली असायची, आणि शिट्टी दुसऱ्याला! एवढंच कारण होतं. नऊ वर्षांच्या मुलाला ते पुरलं.

पंचायत समितीचे साहेब आले तो दिवस अजून समोर आहे. गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं की पोराला आधी मारुतीच्या पाया पडून येऊ द्या, मारुतीला शिवून आलेलं लेकरू खोटं बोलत न्हाई. मी जातो, पाया पडतो, कपाळाला शेंदूर लावून परत येतो. साहेब खुर्ची सोडून माझ्यासमोर सतरंजीवर बसतात. सगळ्यांना, वडिलांनासुद्धा, बाहेर घालवतात. म्हणतात, "बाळा, काय झालं ते तुझ्या मनानं सांग. न्हाई सांगावं वाटलं तरी चालंल." मुलाला कसं विचारावं म्हणून मी आज जे शिकवतो, ते त्या माणसाने कुठलंही पुस्तक न वाचता केलं. मी न अडखळता सगळं सांगितलं. तुमचा कुठला हात, मी कुठे उभा होतो, सगळं. शेंदूर बघून म्हाताऱ्यांनी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. तेव्हापासून मी दर शनिवारी मारुतीला तेल घालतो. लोक मला भाविक म्हणतात.

तुमची बदली पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टीकडे झाली. जायच्या दिवशी तुम्ही वळकटी घेऊन फाट्यावर उभे होतात आणि मी शाळेतून येत होतो. मला वाटलं, आता विचाराल, का रे? तुम्ही विचारलंत, "कान दुखतो का रे अजून?" मी म्हणालो, "न्हाई." जीप आली. तुम्ही वारल्याची बातमी कळली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. जालन्याहून आष्टी काही लांब नव्हती. मी आलो नाही.

हे पत्र टाकायला आता कुठलाच पत्ता नाही, ते मला कळतं. पण आज वर्गात गेल्यावर मी आधी ते उदाहरण दुरुस्त केलं. सांगितलं की मुलाला कुणी पढवलं नव्हतं, साहेबांनी नीटच विचारलं होतं, मुलाने जाणूनबुजून खोटं सांगितलं, रागाने. वहीतलं खोडा म्हणालो. "तो मुलगा मीच" हे वाक्य मी घरून ठरवून आणलं होतं. त्या मुलीने खोडलं आणि विचारलं, "मंग सर, पुढं काय झालं त्या पोराचं?"

मी म्हणालो, "शिकला. चांगल्या नोकरीला लागला."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे त्याचं बराबर जमलं की!"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, गुरुजी.