झाकणाचा आगाऊ सत्कार

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळ
गेटसमोरच्या गटाराच्या चेंबरचं झाकण चोरीला गेलंय. आत माणूस कमरेपर्यंत जाईल. टेमघरच्या या सोसायटीचा मी सेक्रेटरी. नवं झाकण याच महिन्यात बसवणार. शब्द म्हणजे शब्द.
शुभदा म्हणाली, जिन्याखाली जाड फळी पडलीय, ती टाका की, दोन मिनिटांचं काम. बायकोला धोरण कळत नाही. फळी टाकली की प्रश्नाचं गांभीर्यच संपलं! मग माझ्या तक्रारीवर पालिकेचा इंजिनीअर कशाला येईल?

संध्याकाळ
गच्चीवर मीटिंग. विषय झाकण. चर्चा पाणी, पार्किंग आणि लिफ्टमध्ये पान कोण थुंकतं यावर. दुसऱ्या मजल्यावरची मृणाली शाळेत शिकवते, तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होतं. पण तोवर कुणी पडलं तर? मी म्हणालो, अपशकुनी बोलू नये.
मग माझी आयडिया मांडली. नवे नगरसेवक लडकूशेठ यांचा झाकण बसवल्याबद्दल आगाऊ सत्कार करायचा. खांद्यावर शाल पडली की माणूस अडकतो. टाळ्या पडल्या. सुरुवात मी केली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
निजामपुऱ्यात बॅनरची ऑर्डर दिली. फ्लेक्सवाल्याने विचारलं, चाचा, ढक्कन लग गया क्या? मी म्हटलं, लगेगा. तो म्हणे, तो फिर ‘लगेगा’ लिखूँ? मी म्हटलं, नहीं, ‘लग गया’च लिखो. कॉन्फिडन्स दिसला पाहिजे. मान हलवत राहिला. धंदेवाल्यांना दूरदृष्टी नसते.
बॅनरच्या चौकटीला लाकूड नव्हतं. वॉचमन चिंधूने जिन्याखालची फळी चिरून पट्ट्या काढल्या. झकास. शुभदाला सांगितलं नाही, उगाच विषय वाढतो.

८ फेब्रुवारी, रविवार
सत्कार दणक्यात! बॅनरवर लडकूशेठ मध्ये, कडेला माझा फोटो. खाली: झाकण बसवल्याबद्दल जाहीर आभार.
लडकूशेठ बॅनर वाचून म्हणाले, अवो तात्या, झाकान हाय कुठं? काम न्हाय झाला, मंग शाल कशाला? केवढा विनय! शेवटी दोघांनी धरून शाल घातली. बुधवारी इंजिनीअर पाठवतो म्हणाले. अडकले.
शुभदा टाळ्या वाजवत नव्हती. तिची नजर चेंबरकडे.

११ फेब्रुवारी, बुधवार
इंजिनीअर आला तेव्हा मी आंघोळीला. गेटवरचं बॅनर वाचलं, त्याचा फोटो काढला, गेला. दुपारी मोबाइलवर मेसेज: तक्रार निकाली. फोन लावला तर म्हणतो, साहेब, आभार तुम्हीच मानलेत ना? उर्मट.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार
वाऱ्याने बॅनर पडलं. चौकटीचे तुकडे, फ्लेक्स मात्र शाबूत. चिंधूला सांगून तो चेंबरवर अंथरला, कडेने विटा. वास दबला, डास कमी. याला म्हणतात प्रशासन. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. मृणाली: पण कुणी पाय दिला तर? लोकांनी बघून चालावं.
शुभदा ग्रुपवर नाही. तिला सांगायचं राहिलं. उद्या.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र
शुभदा पडली.
देवळातून येत होती. गेटात कुणीतरी बाइक आडवी लावलेली. फ्लेक्स दिसला, तिला वाटलं खाली फळी टाकलीय. ह्यांनी शेवटी आपलं ऐकलं. नवऱ्याच्या तोंडावर पाय कसा द्यायचा, म्हणून माझा फोटो चुकवून तिने पाय मध्ये टाकला.
हे सगळं तिने मला एक्स-रेच्या रांगेत सांगितलं. रडत नव्हती. मीच रडलो. घोटा मोडलाय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
प्लास्टर घालून घरी आणली. लडकूशेठ भेटायला आले. शाल घडी करून आणली होती, ती शुभदाच्या पायावर घातली. म्हणाले, तात्या, ही ठेव. झाकान परवा येतंय, बसल्याबिगर बॅनर नको लावू, बाबा.
ते गेल्यावर शुभदा म्हणाली, परवापर्यंत ती फळी तरी टाकून या. आणखी कुणी पडायला नको.
मी खाली गेलो. जिन्याखाली भुसा होता. वर आलो. टाकली का, तिने विचारलं. हो म्हणालो. बरं झालं म्हणाली आणि डोळे मिटले.
आता चेंबरपाशी खुर्ची टाकून बसलोय. येणाऱ्याजाणाऱ्याला हात करून बाजूने जायला सांगतो. मृणालीने येता येता विचारलं, पण तात्या, असे किती वेळ बसणार?
पलंगावरून शुभदाला गेट दिसत नाही.