मेपलखालचे कांदे

१२ ऑक्टो., ग्लासगो
मुक्ताकडे येऊन आठवडा झाला. मागची बाग आपली नि शेजारच्या जीनबाईंची मिळून एकच. कोपऱ्यातला मेपल लालभडक झालाय. मुक्ता म्हणते, "आई, रोज तोच फोटो ग्रुपवर टाकू नकोस." टाकणार! तीस वर्षं नागपुरात फळ्यावर पानगळ शिकवली, अशी बघितली आत्ता.

२० ऑक्टो.
हिरवं आधी कडेनं जातं, शिरांपाशी शेवटी. पाच पानं वहीत दाबली. जीनबाई काठी टेकत आल्या. ऐंशीच्या असतील. नवरा बिल गेल्या महिन्यापासून हॉस्पिटलात, अर्धं अंग नि वाचा गेली. बाईंचं इंग्रजी निम्मंच कळतं, पण हे कळलं.

२ नोव्हें.
मेपल पार बोडका. काडी मोडून पाहिली, आत हिरवी. जिवंत आहे, माहीत आहे मला. तरी राहवेना. मुक्ता नि जावई ऑफिसला गेल्यावर खुरपं घेतलं, बुंध्याभोवती मस्त आळं केलं नि बादलीभर पाणी घातलं. खणताना वीसेक कांदे निघाले. कोणी लावून विसरलं वाटतं. वास कांद्याचा नाही, म्हणून फोडणीत नाही घातले. टोपलीत ठेवलेत.

५ नोव्हें.
घात झाला. जावयांनी टोपली पाहिली. "आई, हे ट्यूलिपचे कंद आहेत. बिलनं लावले होते, आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात. रंग जीनलाही सांगितला नाही. फुलल्यावर बघ म्हणाला."
आता तो सांगूही शकत नाही. आणि मी बाई उपटून मोकळी! हाताला जरा म्हणून चैन नाही माझ्या.

६ नोव्हें.
परत लावले. जावई म्हणाले, टोक वर. एक खुरप्यानं चिरला होता, तो उभा कापला. आत इवलीशी कळी! तयार, घडी घातलेली. रंग मात्र कुठेच नाही, सगळं फिकट. भिंग घेऊन अर्धा तास बघत बसले.
मुक्ता म्हणते, "उगवल्यावर सांग जीनना." आणि नाही उगवले तर?

१९ डिसें.
बर्फ! वाफे, खुर्च्या, सगळं सारखंच. मेपलखाली बोट खुपसून पाहिलं. बर्फाखाली माती मऊच. पांघरूणच की हे.
जीनबाई खिडकीत होत्या. गेले नि सांगून टाकलं, मोडकंतोडकं, हातवारे करून. त्यांनी दार लावून घेतलं.

२४ डिसें.
बाई दिसल्या नाहीत. जेवण जात नाही. मुक्ता म्हणते, बी.पी. बघ.

३ जाने.
जीनबाईंनी दार वाजवलं. "कोट घाल. बिलला भेटायचंय तुला." बसनं गेलो. बाईंनी त्यांना सांगितलं, "हीच ती, तुझे ट्यूलिप खणणारी." ते अर्ध्या तोंडानं हसले. खूप हसले, डोळ्यांतून पाणी. मलाही आवरेना.
पर्समध्ये रंगीत खडू नेले होते. म्हटलं, बोट ठेवतील एखाद्यावर. पेटी काढली, तर जीनबाईंनी माझा हात खाली दाबला. "नको. तो आणि मी, दोघं मिळून बघू."
बिल घरी येतील की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत.
माझं परतीचं तिकीट अठ्ठावीस जानेवारीचं. घरी आल्या आल्या मुक्ताला विचारलं, व्हिसा नक्की कधीपर्यंत आहे गं?
"चार एप्रिल."
जावयांना विचारलं, तोवर फुलतील?
"थंडीवर आहे, आई."