पंच मशीनसाठी योग्य घर

२० ऑगस्ट १९८४, सोमवार
मुंबई ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. आता खोपोली फॅक्टरीचे पगार तिकडेच निघणार. कार्डांवर भोकं पाडून पगाराचे आकडे नोंदणारा आमचा पंच-कार्ड सेक्शन बंद. जुनं पंच मशीन विकायची जबाबदारी मॅनेजरसाहेबांनी माझ्यावर टाकली. माणसाची पारख आहे त्यांना. संकल्प : भंगारात देणार नाही. योग्य घर बघूनच देणार. पंधरा दिवस पुष्कळ झाले.
ऑपरेटर इंदूबाईंना कर्जतच्या शाळेत क्लार्कची जागा मिळाली आहे. आई तिथे अंथरुणाला खिळलेली. एक ऑक्टोबरला हजर व्हायचंय. म्हटलं, गिऱ्हाइकाला मशीन चालवून कोण दाखवणार? मशीन गेलं की त्याच दिवशी रिलीव्ह करतो. नियम मीच केला, पण रास्त आहे.

२७ ऑगस्ट
इंदूबाईंनी विचारलं, साहेब, मशीन कधी जाणार हो? आवाज कापरा. चौदा वर्षं त्या खुर्चीत बसल्यात, जीव जडणारच. (फक्त मशीनवर जडलाय असं मला वाटत नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली त्यांचा. असो.)

३ सप्टेंबर
शिळफाट्याचा भंगारवाला भिवाजी आला. आल्या आल्या वजन विचारलं. हाकलून दिला.

११ सप्टेंबर, दुपारी
खालापूरच्या टायपिंग क्लासचे आबाजी मास्तर. मुलांना शिकवायला मशीन हवंय. टेंपो घेऊनच आले होते. इंदूबाईंनी झपाझप दहा कार्डं पंच करून दाखवली. एकही चूक नाही. मग मी चौकशी केली. खोली कोरडी आहे का? कव्हर रोज कोण घालणार? मुलीच्या बापानंही इतकं विचारलं नसतं. छप्पर जरासं गळतं, मास्तर खरं बोलले. नकार दिला.
इंदूबाई डोळे पुसत बाहेर गेल्या. मशीन राहिलं म्हणून. मलाही भरून आलं.

१९ सप्टेंबर
चौथ्यांदा विचारून गेल्या. शाळावाले थांबायचे नाय साहेब, म्हणाल्या. धीर दिला. शाळा काय पळून जाते? मुख्याध्यापकांना पत्र टाकतो म्हटलं. (उद्या.)

२५ सप्टेंबर
पक्कं ठरलं. चार तारखेला दसरा. मशीनची शेवटची पूजा इंदूबाईंच्या हातून, मगच विक्री. पूजा झाली की मनातलं बोलून टाकायचं. सत्तेचाळीस हे काही वय नव्हे.
पत्र राहिलं.

१ ऑक्टोबर
इंदूबाई कामावर आल्या! म्हणजे कर्जतला गेल्या नाहीत. आनंद लपवताना पुरेवाट झाली. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संकोच.

३ ऑक्टोबर
इंदूबाई गैरहजर. सणाची तयारी असणार. पोपट शिपायाकडे निरोप दिला, उद्या नऊला या.

४ ऑक्टोबर, दसरा
आठपासून सेक्शनमध्ये. झेंडू, नारळ, नवा शर्ट. साडेदहाला पोपट एकटाच आला. घराला कुलूप हाय म्हणाला. त्या कशाला येतील साहेब, बौद्ध लोकांचा मोठा दिवस हाय आज. दर साली आदल्या दिवशी रजा टाकून आईकडं जातात, दुसऱ्या दिवशी विहारात. रजेवर सही तुमीच करता ना?
फाइल काढली. चौदा अर्ज. चौदाही अर्जांत कारण एकच : धम्मचक्र प्रवर्तन दिन. चौदाही सह्या माझ्या. शेवटची एक तारखेची.
नारळ फोडला नाही.

८ ऑक्टोबर, सोमवार
इंदूबाईंना शाळेचं विचारलं. एक तारखेलाच दुसऱ्याला घेतलं म्हणाल्या. आईला सांगितलं होतं, आता रोज घरीच असेन. ती अजून विचारती, कधी येतेस गं? एवढंच बोलल्या. मी माफी मागितली. मशीन गेलं काय नि राहिलं काय आता, म्हणाल्या आणि टेबल आवरायला लागल्या.
मी या बाईचं वाटोळं केलं. आणि प्रेम समजत होतो.
आबाजी मास्तरांना निरोप धाडला. त्यांनी दुसरं मशीन घेतलंय. चार वाजता भिवाजी आला, घणानं तीन तुकडे केले आणि घेऊन गेला.
माझ्याच नियमाप्रमाणे त्याच दिवशी इंदूबाईंचं रिलीव्हिंग लेटर टाइप होऊन आलं. सही करण्याआधी सगळं वाचलं. 'पुढील नेमणुकीचे ठिकाण' यापुढची जागा कोरी होती. तशीच सही केली.