कारामानच्या प्रवासाची तयारी

प्रिय सेव्दा,

बैरामच्या सणाला आलीस तेव्हा कुत्र्यासाठी पिंजरा आणलास, छातीचा पट्टा आणलास, तोंडाची जाळी आणलीस, आणि जाताना स्वतःचा कोट खुंटीवर विसरून गेलीस. तुमच्या प्लोव्दिव शहरात थंडी पडत नाही वाटतं! आता तो कोट काही परत मिळायचा नाही. कारामान पिंजऱ्यात पाऊल टाकेना, तेव्हा मी तोच आत अंथरला. तुझा वास लागला मात्र, स्वारी पाशासारखी पसरली.

शेजारची रुकिये हे लिहून घेते आहे. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिही, त्यात स्वतःची अक्कल कालवू नकोस. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझा आवाज ओळखतेस. कागदावर तो रुकियेच्या अक्षरातून येतो, ते बरं.

तू सांगितलंस तसंच चाललं आहे. आधी दार उघडं ठेवून पिंजऱ्यातच जेवण, मग जरा वेळ दार लावून. सुया टोचून झाल्या. पिंजरा तुमच्याकडे बटाटे घेऊन येणाऱ्या आसानच्या गाडीत दोरानं आवळून बांधला आणि आधी गिरणीपर्यंत, मग पुलापर्यंत, मग पार स्मोल्यानपर्यंत त्याला फिरवून आणलं. निघण्याआधी पोटभर खायला द्यायचं नाही, वाटेत थांबून पाणी पाजायचं, उन्हात बंद गाडीत एकटं सोडायचं नाही. आसान म्हणाला, "आजी, सासूला नेताना मी एवढी काळजी घेत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच ती तुझ्याकडे येत नाही."

पण पहिल्याच फेरीला मी घोळ घातला. गाडी हलली आणि माझा हात सवयीनं तांब्याकडे गेला. जाणाऱ्याची वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून आपण मागे पाणी ओततो. तुझ्या आईच्या मागे ओतलं, तुझ्या मागे ओतलं, तसंच ओतलं. कारामानला काय ठाऊक? माझ्या हातचं पाणी त्यानं एकाच कामासाठी पाहिलेलं. पिल्लू होता तेव्हा उंबऱ्याशी आला रे आला, की मी तांब्या त्याच्या अंगावर रिकामा करायची. तू रडायचीस, मी म्हणायची, "कुत्र्याची जागा अंगणात." त्या दिवशी त्यानं मागच्या काचेतून मला तांब्या उपडा करताना पाहिलं. आसान सांगतो, गिरणीपर्यंत तो भुंकलासुद्धा नाही, नुसता थरथरत होता. परत आल्यावर लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसला. भाकरी दाखवली तरी माझ्याकडे बघेना. म्हातारीनं हाकलून दिलं असं वाटलं असणार त्याला. एका कुत्र्यासमोर मला मान वर करता येईना गं.

दुसऱ्या फेरीला मी त्याच्यादेखत पाणी ओतलं, तांब्या पायरीवर ठेवला आणि गाडीत त्याच्या पिंजऱ्याशेजारी जाऊन बसले. तेव्हा कुठे त्याला पटलं. हाकलणारं माणूस काय बरोबर येऊन बसतं? तेव्हापासून प्रत्येक फेरीला मी असतेच. त्याला एकदाही उलटी झाली नाही. मला दोनदा झाली. रुकिये इथे हसते आहे. हसू दे, तेही लिही म्हटलं.

हिवाळ्यात मी तुला सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं ना, ती सर्दी नव्हती. लाकडं आणायला गेले आणि बर्फावरून पडले. उठता येईना, हाक मारायला आवाज फुटेना. कारामान रुकियेच्या दाराशी जाऊन असा काही भुंकला, की ती त्याला शिव्या घालत, झाडू घेऊन मागे आली, आणि मी सापडले. त्या दिवसापासून तो घरात, चुलीपाशी झोपतो. हो, माझ्या घरात. बैरामला तू येणार म्हणून मी त्याला पुन्हा अंगणात घातलं. सगळे जेवत होते, आणि तो दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघत होते.

त्याच जेवणात तू म्हणालीस, "आजी, कारामानला न्यायचंच आहे, तर तूही चल." मी सगळ्या भावकीसमोर ठसक्यात म्हटलं, "मला या घरातून चौघं खांद्यावरून काढतील, तेव्हाच!" सगळे हसले. तुझं तोंड एवढंसं झालं ते मी पाहिलं, आणि भात वाढत राहिले. आता त्याच तोंडानं विचारते आहे. तुझ्या घरातली ती मागची खोली अजून रिकामी आहे का? हे पत्र आसान बटाट्यांबरोबर तुझ्याकडे आणेल आणि उद्या परत येईल. शनिवारी त्याची पुढची खेप, तेव्हा कारामान निघेल. तांब्या मी रुकियेकडे देऊन ठेवलाय. जन्मभर सगळ्यांच्या मागे मीच पाणी ओतलं, माझ्यामागे ओतायची वेळ कधी आलीच नाही. तुझ्या मनात नसेल तर फोन करू नकोस, काही पाठवूही नकोस. मी समजेन, आणि कारामान ठरल्याप्रमाणे येईल. पण असेल, तर आसानच्या हाती लिंबाच्या आंबट गोळ्या पाठव. कारामानला त्या लागत नाहीत.

तुझीच,
हायरियेआजी