केशरी गोंड्यांचं झुडूप आणि तुमचे बंधू

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात घालवत नाही, म्हणून कागदावर पुरता घातला आहे.) तुमची कंबर कशी आहे? नातवाचा खोकला गेला का? इकडे आम्ही दोघं ठणठणीत. मी तर इतकी खुशीत आहे की आज दोनदा दूध उतू गेलं आणि दोन्ही वेळा मला हसूच आलं.

तर झालं असं. जांभळ्या तुऱ्यांचं ते फुलपाखरांचं झुडूप तुम्हाला ठाऊक आहे. ते काय, कुणाच्याही कुंपणाला असतं. मला हवे होते त्याचे दुर्मिळ प्रकार. दोन वर्षं रोपवाटिकेतल्या बाईंच्या मागे लागून (त्या आता मला लांबून बघितलं की झारी घेऊन पसार होतात) तीन मिळवले. एकाला बोराएवढे केशरी गोंडे येतात, एकाच्या फांद्या न्हाऊन केस मोकळे सोडावेत तशा लोंबतात, आणि तिसऱ्याचं फूल पिवळं की जांभळं हे त्याचं त्यालाही ठरवता येत नाही. वर्षभरात तिन्ही माझ्या खांद्याला लागली.

मागच्या पत्रात तुम्ही तुमच्या भावाबद्दल विचारलं होतंत आणि मी ते सफाईनं टाळलं होतं. आता सांगते. डोळे अधू झाल्यापासून ह्यांनी मनगटी घड्याळं दुरुस्तीला घेणं सोडलं. पुढच्या खोलीतल्या दुकानात भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढी उरली, आणि ती मेली रोज कुठे बिघडतात? दिवसभर नुसते खुर्चीत. बोलणं जेवणापुरतं. मला धास्तीच बसली होती. म्हणून गेल्या वर्षी थंडी सरताना (चूक माझीच) म्हटलं, जरा झुडपांकडे बघा, आणि भाजी आणायला गेले.

परत येते तो तिन्हींचे गुडघ्याएवढे खुंट. हे कात्री पुसत उभे, चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं समाधान. म्हणाले, हिवाळा संपताना असंच छाटायचं, पुस्तकात लिहिलंय. अहो वन्सं, ते साध्या जांभळ्यासाठी! गोंडेवालं आणि लोंबतं ही दोन्ही जुन्या फांदीवर फुलतात. जुनी फांदी गेली की त्या वर्षीची फुलंही गेली. हे सगळं पुढच्याच पानावर होतं, पण पान उलटायच्या आत ह्यांना हुरूप आला. मी आठ दिवस अबोला धरला. (म्हणजे ताट आदळायचं, बोलायचं नाही. सासूबाईंकडूनच शिकले.)

नवव्या दिवशी झाडू घेऊन दुकानात शिरले, तर खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यांची रांग. छाटलेल्या फांद्यांचे वीतवीतभर तुकडे ओल्या वाळूत खोचलेले, वर घड्याळांवर झाकायच्या काचेच्या हंड्या पालथ्या घातलेल्या. हे डोळ्याला भिंग लावून एकेक देठ न्याहाळत होते.

"एकाला कोंब फुटलाय," हळूच म्हणाले.

मी अबोला विसरून "कुठे?" म्हणत वाकले ती वाकलेच.

खुंटही हळूहळू पालवले आणि यंदा, गेल्या मंगळवारी, पहिला गोंडा उमलला. मधासारखा वास! दुपारी पहिलं फुलपाखरू आलं. गोंड्यावर बसलं, कंटाळलं, दुकानात शिरलं आणि उघड्या घड्याळाच्या तबकडीवर विसावलं. नेमकं त्या घड्याळाचं गिऱ्हाईक दारात. ह्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला खुर्ची दिली आणि दोघं पाऊण तास श्वास रोखून बसले. मग हे स्वयंपाकघरात आले, डोळे पुसत.

"मला त्याच्या पंखांवरचे ठिपके दिसले गं," म्हणाले. "सगळे."

तेव्हापासून जे बोलतायत ते थांबेनात. कधी कधी मीच कापसाचे बोळे शोधते.

तुमच्याकडे माझ्याहून मोठे असतील त्यांना नमस्कार, उरलेल्यांच्या पाठीवर एकेक थाप.

तुमची,
भावजय

ता. क. : डब्यांतले सगळेच तुकडे जगले. सदतीस. रोपवाटिकेतल्या बाई म्हणतात, एकेक झुडूप दोन पुरुष उंच होतं. आमच्या अंगणात फार तर चार मावतील. तुमची मागची मोकळी जागा हल्ली मला फार आठवते.

ता. ता. क. : तिथे तुम्ही यंदा बटाटे लावणार, असं कानावर आलं. बटाटे बाजारातही मिळतात.

आणखी एक राहिलंच. हे पत्र तुमच्या हाती देणारा माणूस पोस्टमन नाही, टेम्पोचा ड्रायव्हर आहे. त्याला आधी पाणी द्या, मग मागचं फाटक उघडा.