आईच्या वेळचा दगड

४ फेब्रुवारी १९६२, रविवार

चढणीखालच्या मोरीपासून टॉप गिअरवर सुटलेलो. बाबांनी गिअरला हात लावला नाही. गाडी जुना दगड ओलांडून पुढे गेली. मी मागे, अण्णा दुकानदारांच्या शेजारी. अण्णांनी माझी पाठ थोपटली, जणू मीच चालवत होते.

आई गेल्यावर गाडी आज प्रथम कट्ट्याच्या चढणीला नेली. रविवारचा खेळ जुनाच. गाड्या तीन: बाबांची, अण्णांची, पास्कूबाबची टॅक्सी. गिअर न बदलता जिचा दम जिथे तुटेल, तिथल्या दगडावर चुना. मग अण्णांच्या दुकानात सोडा, आणि कोणाची का कमी पडली यावर वाद. पास्कूबाबने आजही विचारलं, अण्णांची गाडी रॉकेलवर चालते की देवाच्या नावावर.

बाबांचा सर्वांत वरचा दगड आईच्या वेळचा.

पास्कूबाब चुन्याचा डबा घेऊन पुढे झाला, तर बाबांनी त्याला अडवलं.

"पुढची सीट रिकामी होती. ह्या धरूचा नाय."

म्हणजे हे मोजायचं नाही. नियम बाबांचाच. ओझं सारखं: पुढे एक, मागे दोन.

कणकवलीचा गिऱ्हाईक १९ला येणार. भरल्या गाडीने जुना दगड गाठला तर ठेवणार, नाही तर विकणार, असं बाबा म्हणतात. ती गेली तर रविवारीही ते घराबाहेर पडणार नाहीत.

८ फेब्रु.

अण्णांच्या दुकानात. पुढच्या सीटसाठी बाबा गोणीत नारळ भरत होते. गोण उचलायचे, एक नारळ काढायचे, पुन्हा उचलायचे. अण्णांनी विचारलं, वहिनींचं वजन किती होतं?

गावभरच्या पेशंटांची वजनं बाबांनी केली. आईचं कधी केलं नाही.

शेवटी तिला उचलून पडवीत आणत. मी तसं म्हटलं. "त्या वेळचा नको," म्हणाले. "आधीचा."

आणखी नारळ टाकले. डोळे मिटून उचलली. ठेवली.

११ फेब्रु., रवि.

पुढे गोण. वळणावर ती कलंडून बाबांच्या हातावर आली. गाडी थांबवून त्यांनी ती नीट बसवली, हलक्या हाताने. तेवढ्यात चढणीचा जोर गेला. फुकट.

सोडा पिताना पास्कूबाब: "गोण काय धरून बसता, डाक्टर? चेडवाक बसवा पुढे."

चेडू म्हणजे मी. पुढच्या सीटवर मी कधी बसले नाही. आई असताना प्रश्नच नव्हता. नंतर…

१५ फेब्रु.

जेवताना बाबा बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, रविवारी पुढे बस.

मी आईपेक्षा हलकी आहे, म्हटलं.

"मांडयेर नारळ घे."

१८ फेब्रु., रवि.

ओच्यात नारळ घेऊन बसले. मागे अण्णा आणि पास्कूबाब. दाराच्या कडेचा रंग एका ठिकाणी गेलेला. आई तिथे हात ठेवायची. मी ठेवला नाही.

मोरी. टॉप. काजूच्या मोहराचा वास, मग फक्त इंजिनचा. अर्ध्या चढणीनंतर गाडी धापा टाकायला लागली. दगड दिसत होता. मनात म्हणत होते, जा, जा. बाबांचा हात गिअरवर, पण दांडा हलला नाही.

दगडाच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. दोन पावलं अलीकडे.

हँडब्रेक.

बाबा समोर बघत म्हणाले, "हंयच तुझी आई सांगायची, आता गिअर बदला."

"आणि तुम्ही बदलायचात?"

"बदलूक नाय कधी." मग माझ्याकडे वळले. "तू बोललंस नाय."

मागून पास्कूबाब, अगदी गंभीर: "मगे ह्या पण धरूचा नाय."

अण्णा हसले. बाबाही, थोडे. चुन्याचा डबा उघडला नाही. उतरताना मी दारावर हात ठेवला.

१९ फेब्रु.

कणकवलीचा गिऱ्हाईक सकाळीच आला. बाबा गाडीखाली. पाय तेवढे दिसत होते. नारळ पुढच्या सीटवर तसेच. त्याने वाकून विचारलं, गाडी चढणीला कशी काय?

बाबा खालूनच म्हणाले, "अजून ठरूचा आसा."

मी चहा दिला. तो कप घेऊन वाट बघत पायरीवर बसला.